वीणा खाली ठेवणारा गवई

खाम नदीचा पूल ओलांडून पाणचक्कीच्या अंगाने पश्चिमेला आलात की आमची छावणी लागते. गावातले लोक अजूनही छावणीत जाऊन येतो असे म्हणतात ते परगावी जाऊन आल्यासारखे. निजामाच्या कंटिन्जंट फौजेचा हा तळ. १८५७ साली इथल्याच घोडदळाने बंडाचा झेंडा उभारला होता. माझे बालपण या छावणीत गेले आणि त्यामुळे माझे कान लहानपणापासून दोन ठिकाणी वाटले गेले. संध्याकाळी लष्कराच्या हद्दीतून बँडचा सराव ऐकू यायचा. पितळी वाद्यांचा तो दणदणीत, एकावर एक स्वर रचत जाणारा नाद. रविवारी सकाळी चर्चच्या भिंतीपलीकडून चार आवाजांतले समूहगान यायचे. आणि नदीपलीकडे, गावात, मास्तरांच्या माडीवर दोन तंबोरे जुळवून भूपाचा सा लावायला आम्ही चार मुले बसायचो. मास्तर बँडला गोंगाट म्हणत. छावणीतल्या माझ्या एका दोस्ताच्या मते आमचे गाणे म्हणजे एकच सूर धरून रडणे होते. दोघांचेही म्हणणे मी निमूटपणे ऐकून घेत असे, कारण मला दोन्ही आवडायचे आणि तसे सांगायची दोन्हीकडे चोरी होती.

म्हणूनच की काय, परदेशात जाऊन तिथल्या रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या गायकांच्या गोष्टींचे मला वेड लागले. युरोपातल्या ऑपेरा गायकाला हे नवे नाही. इटलीचा कारूसो न्यूयॉर्कला जाऊन गायला, रशियाचा शाल्यापिन आपला देश सोडून पॅरिसला राहिला. पण त्यांचे ऐकणारे लोक परके असले तरी गाणे परके नव्हते. मिलानचा ऑपेरा न्यूयॉर्ककरांना कळत होता. आपल्याकडचा गवई जेव्हा तिकडे गेला, तेव्हा त्याच्या गाण्याला तिथे घरही नव्हते आणि नावही नव्हते. असा जो जवळजवळ पहिलाच गवई गेला तो बडोद्याचा. सयाजीराव महाराजांच्या मराठी दरबारात वाढलेला. प्रोफेसर इनायत खाँ रहमत खाँ पठाण.

आज जगभर त्यांचे नाव घेतले जाते ते सूफी म्हणून. त्यांच्या प्रवचनांचे खंडच्या खंड आहेत. माझे कुतूहल मात्र त्यांच्यातल्या गवयाविषयी आहे, आणि त्या गवयाचे पुढे काय झाले याविषयी.

५ जुलै १८८२ रोजी बडोद्याला त्यांचा जन्म झाला. आईचे वडील म्हणजे मौलाबक्ष. हे नाव मराठी संगीतरसिकांना अगदीच अपरिचित नसावे. उत्तरेची गायकी गळ्यात असलेल्या या माणसाने म्हैसूरकडे जाऊन कर्नाटक संगीत आत्मसात केले, गाणे कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली आणि १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली. फळा आहे, वर्ग आहेत, परीक्षा आहेत अशी ही शाळा. उस्तादाच्या घरी पाणी भरून विद्या मिळवण्याच्या त्या काळात ही गोष्ट केवढी उफराटी वाटली असेल याची कल्पना करा. भातखंडे आणि विष्णु दिगंबर यांच्या कार्याचा गौरव आपण करतो तो रास्तच आहे, पण त्याआधी बडोद्याच्या या पठाणाने वाट पाडली होती, हे आपण जरा चटकन विसरतो.

घर तरी कसे! वडील रहमत खाँ पंजाबकडचे, धृपदिये. एक मामा, अलाउद्दीन खाँ, लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आलेले, परत येऊन दरबारच्या बँडची सूत्रे घेतलेले. म्हणजे एका खोलीत धृपदाची आलापी, दुसरीत कर्नाटक कृती आणि अंगणात विलायती स्वरलेखनाचे कागद. छावणीत मला जे नदीच्या दोन काठांवर ऐकू येत होते ते या मुलाला एका छपराखाली मिळाले. नऊ वर्षांचा असताना त्याने दरबारात संस्कृत स्तोत्र गायले, महाराज खूष झाले, बक्षीस दिले आणि शिष्यवृत्ती बांधून दिली. मुसलमान घरातला पोर, संस्कृत स्तोत्र, मराठा राजा. त्या काळी यात कुणाला काही जगावेगळे वाटले नाही.

१८९६ साली मौलाबक्ष गेले. नातवाचे सगळे शिक्षण त्यांच्या तालमीत झालेले. पुढे तो आजोबांच्याच गायनशाळेत शिकवू लागला. विशी उलटते न उलटते तोच त्याची हार्मोनियम आणि फिडल शिकवणारी पुस्तके गुजरातीत छापून निघाली. पण गायनशाळेच्या वेळापत्रकात हा तरुण मावणारा नव्हता. तो निघाला. मद्रास, म्हैसूर करीत हैदराबादेस आला.

आता हैदराबाद म्हणजे आमचेच राज्य. औरंगाबाद हा त्या राज्याचा सुभा, आणि छावणीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी माझ्या लहानपणीही निजामाचे रुपये होते. गादीवर सहावे निजाम महबूब अली खाँ, दिवाण महाराजा किशन प्रसाद. हे दिवाण स्वतः शायर आणि कलावंतांचे पाठीराखे. निजामापुढे इनायत खाँ गायले. निजामाने त्यांना या युगाचा तानसेन म्हटले आणि बोटातली पाचूची अंगठी काढून दिली, अशी कथा आहे. दरबारी कथा म्हणून त्यातले थोडे वजा करा, तरी गाणे पोचले होते यात शंका नाही. हैदराबादेतच त्यांनी उर्दूत संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहायला घेतला, आणि हैदराबादेतच त्यांना गुरू भेटले. सय्यद अबू हाशिम मदनी. चिश्ती परंपरेचे.

इथे आम्हा औरंगाबादकरांनी जरा थांबायला हवे. घाट चढून खुलताबादला गेलात की बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे हे शिष्य, चौदाव्या शतकात दख्खनमध्ये आले. समा, म्हणजे भक्तीचे गाणे ऐकता ऐकता देहभान हरपणे, हा त्यांचा ध्यास. चिश्ती परंपरेत गाणे हे करमणुकीचे साधन कधीच नव्हते. ती उपासनाच होती. इनायत खाँना जे मिळाले ते या वाटेवरचे. १९०७ साली गुरू गेले. त्यांनी जाताना शिष्याला सांगितले होते की पश्चिमेकडे जा आणि तुझ्या संगीताने दोन टोके जोड.

लगेच कोणी जहाजात बसत नाही. आधी बंगलोर, सिलोन, रंगून, मग कलकत्ता. गावोगावी मानपत्रे आणि पदके मिळत गेली. त्या पदकांची पेटी कलकत्त्यात ट्राममध्ये राहिली आणि परत सापडली नाही. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

कलकत्त्यातच १९०९ साली ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तीसएक गाणी, प्रत्येक जेमतेम तीन मिनिटांचे. आमच्या छावणीत गुरुवारी मोठा बाजार भरतो. बैलांपासून बादल्यांपर्यंत सगळे, आणि एका कडेला जुन्या सामानाची पथारी. त्या पथाऱ्यांवर मला अब्दुल करीम खाँ मिळाले, बालगंधर्व मिळाले, एकदा अर्धी फुटलेली गोहरजान मिळाली. इनायत खाँ कधीच मिळाले नाहीत. १९९४ साली कंपनीने ती जुनी मुद्रणे पुन्हा बाजारात आणली, आणि कलकत्त्याहून येणाऱ्या एका स्नेह्यांनी ती माझ्यासाठी आणली, तेव्हा कुठे कान तृप्त झाले. तृप्त तरी कसे म्हणू? खरखरीतून एक तरुण, उंच, अतिशय स्वच्छ आवाज येतो. तान घाईने संपवावी लागते, कारण तबकडी संपत आलेली असते. तरी त्या घाईतही स्वराला बोट लावावे इतका तो नेमका. ऐकून झाल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. सत्तावीस वर्षांचा हा गवई आणखी वीस वर्षे इथे गायला असता तर?

पण तो थांबला नाही. १३ सप्टेंबर १९१० रोजी मुंबईच्या बंदरातून तो अमेरिकेला निघाला. बरोबर धाकटा भाऊ महबूब खाँ आणि चुलतभाऊ महंमद अली खाँ. आणखी एक भाऊ मुशर्रफ मागाहून आला. पंडित रविशंकर सतार घेऊन पश्चिमेकडे गेले ते १९५६ साली. म्हणजे हे शेहेचाळीस वर्षे आधी.

१९११च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्याख्यान आणि गायनवादन झाले. सुरुवात बरी होती. पण विद्यापीठाच्या व्याख्यानांवर चार माणसांची पोटे भरत नाहीत. त्या वेळी रूथ सेंट डेनिस नावाची नर्तकी पौर्वात्य नृत्ये म्हणून काही करीत असे आणि ती लोकप्रिय होती. तिला अस्सल हिंदुस्थानी वादक हवे होते. हिंदुस्थानचे राजगायक अशा थाटाच्या जाहिरातीखाली हे चौघे तिच्या नाचामागे बसले आणि अमेरिकाभर हिंडले. पॅरिसला आले तेव्हा माता हारीच्या नाचालाही त्यांनी साथ केली. हीच ती माता हारी, जिला पुढे हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या.

हा भाग वाचताना माझ्या पोटात तुटते. मौलाबक्षाचा नातू, धृपदाच्या घरचा मुलगा, पगडी घालून नाचणारणीच्या मागे बसलेला. आपल्याकडे साथीदाराला कमी लेखायची वाईट खोड आहे, ती माझ्यातही असेल. पण प्रश्न मानापमानाचा नाही. प्रश्न असा की ऐकत कोण होते? मैफल गवई एकटा करीत नाही. समेवर समोरच्याची मान हलावी लागते. एखादी जागा अशी घेतली जाते की कोपऱ्यात बसलेल्या एकाच माणसाच्या तोंडून हं निघते आणि गवयाला तेवढे पुरते. त्यावर पुढचा अर्धा तास उभा राहतो. इथे समोर हजार माणसे आणि एकही हं नाही. होते ते कुतूहल. टाळ्या होत्या, पण त्या शेवटी, एकदम, सगळ्यांच्या. आपला गवई त्या दिव्यांच्या झगमगाटात, रागाला पाच-सात मिनिटे मिळालेली, अनोळखी शांततेत गात होता. ऑपेरावाल्याचे तंत्रच मुळी मोठ्या नाट्यगृहासाठी घडलेले असते. वाद्यवृंदाच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा. आपली विद्या बैठकीतली, हातभर अंतरावरची.

सगळेच बहिरे होते असे मात्र नाही. पॅरिसमध्ये देब्युसीने त्यांना ऐकले. युरोपच्या संगीतात स्वरांची नवी वाट शोधणारा हा रचनाकार. त्याला या एकेरी, कडेच्या श्रुतींना स्पर्श करीत जाणाऱ्या गाण्यात रस वाटला नसता तरच नवल. मॉस्कोत स्क्रियाबिन भेटला. टॉलस्टॉयचा मुलगा सर्गेई, स्वतः संगीतकार, त्याने तर यांची पुष्कळ मदत केली. मॉस्कोला त्यांना नेले होते ते मात्र मॅक्सिम नावाच्या एका रात्रीच्या करमणूकगृहाने. ते चालवणारा फ्रेडरिक टॉमस हा अमेरिकेतला निग्रो गुलामांचा मुलगा, रशियात येऊन श्रीमंत झालेला. दारू, खाणे, गप्पा, आणि मध्ये वीणा. रात्री तिथे वाजवायचे आणि दिवसा मॉस्कोच्या संगीतज्ञांशी रागांवर बोलायचे, असा तो हिवाळा, १९१३-१४चा.

मॉस्कोतच टैरोव्ह नावाचा दिग्दर्शक आपले नवे नाट्यगृह उभारीत होता आणि त्याने उद्घाटनासाठी निवडले होते कालिदासाचे शाकुंतल. त्याच्या संगीतासाठी इनायत खाँची मदत घेतली गेली. १९१४च्या डिसेंबरात नाटक रंगमंचावर आले तेव्हा महायुद्ध पेटले होते आणि खाँसाहेब लंडनला पोचले होते. आम्हा मराठी माणसांना शाकुंतल म्हटले की ३१ ऑक्टोबर १८८० आठवतो, अण्णासाहेब किर्लोस्करांचे पुणे आठवते. आपला ऑपेरा तिथे जन्मला. चौतीस वर्षांनी तीच शकुंतला मॉस्कोच्या बर्फात, बडोद्याहून गेलेल्या सुरांच्या सोबतीने उभी राहिली. आपल्या नाट्यसंगीताच्या इतिहासात याची एक ओळ तरी यायला हरकत नव्हती.

लग्नाची हकिकत वेगळीच. अमेरिकेत त्यांना ओरा रे बेकर ही तरुणी भेटली. तिचा सावत्र भाऊ आणि पालक पिअर बर्नार्ड हा अमेरिकेतल्या योगशिक्षकांपैकी अगदी सुरुवातीचा. हिंदुस्थानची विद्या विकून नाव मिळवलेल्या या गृहस्थाला हिंदुस्थानी मेहुणा मात्र चालेना. त्याने मोडता घातला. मुलगी धीराची. एकटी जहाजात बसून युरोपला आली आणि १९१३च्या मार्चमध्ये लंडनला दोघांचे लग्न झाले. ती अमीना बेगम झाली. पहिली मुलगी नूर मॉस्कोत जानेवारी १९१४मध्ये जन्मली. मग लंडनमध्ये विलायत, हिदायत आणि खैरुन्निसा.

युद्धाच्या वर्षांतले लंडन त्यांच्या आयुष्यातला निर्णायक काळ आहे. पैसा नव्हता, घरात लहान मुले, आणि गाण्याला गिऱ्हाईक नाही. हळूहळू लोक गाण्याआधीच्या चार शब्दांसाठी येऊ लागले. रागाची ओळख करून देताना हा माणूस स्वराविषयी, श्वासाविषयी, माणसाच्या मनातल्या मेळाविषयी जे बोलायचा ते त्यांना हवे होते. चार शब्दांची दहा मिनिटे झाली, दहा मिनिटांचा तास झाला. गाणे व्याख्यानाच्या शेवटी गेले आणि मग एके दिवशी नुसते व्याख्यान उरले. वीणा त्यांनी बाजूला ठेवली. त्यामागची त्यांची स्वतःची धारणा अशी की ज्याने वाद्य जुळवायचे त्याने आता माणसे जुळवावीत, आणि या कामासाठी प्रिय ते द्यावे लागते.

मी या बाबतीत अनेक वर्षे त्यांच्यावर रागावलेलो होतो. आमच्या मास्तरांना एकदा ही कथा सांगितली तर ते म्हणाले होते की गाणे सोडवत असेल तर ते गाणे नव्हेच. मलाही तेच वाटे. फैय्याज खाँ बडोद्याच्या दरबारात आले ते याच सुमारास. १९१६ साली बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंड्यांनी भरवलेली. मौलाबक्षाने शेत नांगरले, पीक उभे राहिले, आणि घरचा वारस लंडनच्या धुक्यात प्रवचने देत होता! पुढेपुढे मात्र तो राग निवळला. समेवर मान न हलणाऱ्या लोकांसमोर आणखी किती वर्षे तो गाणार होता? परत यायचे तर गुरूची आज्ञा मोडते. तिथेच राहायचे तर पडद्यामागचा हिंदू संगीतकार म्हणून म्हातारे व्हायचे. त्याने तिसरी वाट काढली. ती काढताना त्याला काय पडले हे त्याच्या त्या तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकल्यावर कळते. आणि सोडून दिलेले गाणे त्याच्या बोलण्यात पाझरत राहिले असणार. त्याची संगीतावरची प्रवचने वाचताना मला वारंवार जाणवते की हा माणूस आता विलंबितात बोलतो आहे. मास्तरांना हे पटले नसते. नसो.

पुढची दहा वर्षे मी भराभर सांगतो, कारण ती धर्माच्या अभ्यासकांची आहेत. स्वित्झर्लंड, हॉलंड, फ्रान्स, पुन्हा अमेरिका. १९२२पासून पॅरिसजवळच्या सुरेन गावात टेकडीवरचे घर, फजल मंजिल. उन्हाळ्यात शिष्यांची गर्दी. महबूब खाँ पाश्चात्त्य पद्धतीने गीते रचू लागले होते. मुले पियानो, चेलो, हार्प शिकत होती. बडोद्याचे ते जुने घर जणू उलटे होऊन तिथे उभे होते.

१९२६च्या अखेरीस, सोळा वर्षांनी, ते हिंदुस्थानात परतले. प्रकृती ढासळली होती. बडोद्याला जाऊन आले, अजमेरला गेले, दिल्लीत आणि लखनौत व्याख्याने झाली. दिल्लीच्या थंडीत न्यूमोनियाने गाठले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी ते गेले. वय चव्वेचाळीस. कबर निजामुद्दीन अवलियांच्या दर्ग्याच्या परिसरात.

घराची कथा मात्र तिथे संपत नाही. धाकटा हिदायत युरोपीय पद्धतीचा संगीतकार झाला आणि २०१६पर्यंत जगला. थोरली नूर नादिया बुलांजेकडे संगीत शिकली आणि मुलांसाठी लिहू लागली. १९३९ साली तिने बुद्धाच्या जातककथांचे एक लहानसे पुस्तक इंग्रजीत काढले. जातककथा म्हटल्यावर आम्हाला दुसरे काही सुचतच नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर त्या रंगलेल्या, आमच्याच जिल्ह्यात. जून १९४३मध्ये ही अबोल मुलगी ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली. तिच्या जाळ्यातले एकेक साथी पकडले जात असताना ती पॅरिसमध्ये जागा बदलत संदेश पाठवीत राहिली. ऑक्टोबरात पकडली गेली. पुढच्या वर्षी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तारीख १३ सप्टेंबर १९४४. तिचे वडील मुंबईहून निघाले होते तीही १३ सप्टेंबरच. ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

छावणी हा शब्द मी जन्मभर घरासारखा वापरत आलो. डाखाऊविषयी लिहिताना तोच शब्द हातून उमटतो तेव्हा पेन थबकते.

काही वर्षांपूर्वी दिल्लीला गेलो असता शुक्रवारी संध्याकाळी मुद्दाम इनायत खाँच्या दर्ग्यावर गेलो. निजामुद्दीनच्या गल्लीतल्या गजबजाटातून आत शिरले की एकदम शांत वाटते. झाड, संगमरवर, थोडे परदेशी, थोडे वस्तीतले लोक. कव्वाल बसले होते. हार्मोनियम, ढोलक, टाळ्या. पुढे एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मुख्य कव्वालाने एक तान घेतली, वर जाऊन जरा रेंगाळला आणि अचूक समेवर आला. म्हाताऱ्यांची मान हलली. कव्वालाने ते पाहिले आणि तीच ओळ पुन्हा घेतली.